चिंच, राख आणि कल्हई : आपल्या भांड्यांच्या इतिहासाचे दुसरे अर्ध

ज्ञातीचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांची लेखणी त्वष्ट्यापासून सुरू होते, आणि ते योग्यच आहे. इंद्राचे वज्र घडविणारा हा देवांचा कारागीर. त्यानेच देवांसाठी सोमपानाचे एक पात्र घडविले आणि पुढे ऋभूंनी त्या एकाची चार पात्रे केली, अशी कथा ऋग्वेदात आहे. तेथून आपले लेखक कालिकादेवीचा उल्लेख करून कोकणात येतात, कोकणातून घाट चढून पेशवाईतील पुण्यात येतात, आणि कसबा पेठेतील तांबट आळीत स्थिरावतात. मग मठारकामाचे वर्णन होते. पत्र्यावर हातोड्याचा एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला लागून कसा पडतो, त्या ठोक्यांनी धातू कसा कडक होतो आणि अंगावर हिऱ्यासारखे पैलू कसे उमटतात, हे सांगताना लेखकाचे मन भरून येते. बंब, घंगाळ, हंडे, कळशा, पराती, तपेली यांची नामावळी येते. १८८५ सालच्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने शहराच्या उद्योगधंद्यांत तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या धंद्याची घेतलेली दखल सांगितली जाते. भांडे घडते, बाजारात जाते, आणि तेथे लेख संपतो.

वस्तुतः भांड्याचे आयुष्य तेथून पुढे सुरू होते. घडविणाऱ्याच्या हातात ते काही दिवस असते. घासणाऱ्याच्या हातात ते पन्नास-साठ वर्षे, दिवसातून दोनदा, कधी तीनदा असते. आपल्या घरातील पुरुषांनी पहिले काम केले आणि त्याचा इतिहास लिहिला. दुसरे काम आपल्या व पुण्यातील इतर सर्व ज्ञातींच्या स्त्रियांनी केले, आणि त्याचा इतिहास लिहिण्यासारखा आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही. प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या अर्ध्याविषयी आहे. त्यात आपल्या धंद्याला न आवडणारी एक गोष्टही सांगावी लागणार आहे. तथापि ती पुण्यातच उघडकीस आलेली असल्यामुळे पुण्याच्या तांबटांनी ती टाळणे बरे नव्हे.

प्रथम एक नाते ध्यानात घ्यावे. कारखान्यातील शुद्धी आणि मोरीवरची शुद्धी या मुळात एकच विद्या होत. ठोकून ठोकून ताठर झालेला तांब्याचा पत्रा नरम करण्यासाठी भट्टीत लाल होईपर्यंत तापवावा लागतो. तापला की त्यावर काळा थर चढतो. हा थर काढल्याशिवाय पुढचा ठोका घालण्यात अर्थ नाही, म्हणून भांडे आंबट पाण्यात घालून उजळून घेतात. हे आंबट पाणी पूर्वी चिंचेचे असे. पुढे सौम्य केलेले गंधकाम्ल आले. पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांच्या भांडी घडविण्याच्या कलेची युनेस्कोने २०१४ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली, तेव्हा तिच्या वर्णनातही वाळू आणि चिंचेचा कोळ यांनी भांडी उजळण्याचा उल्लेख आला आहे. भाषा वेगळी, प्रांत वेगळा, परंतु चिंच तीच. आपल्या घरातील नव्या सुनेला चिंच-मिठाने तांबे कसे उजळते हे कोणी शिकवीत नसे; कारखाना आणि स्वयंपाकघर यांमध्ये बहुधा एकच भिंत असे.

ही विद्या पुष्कळ जुनी आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार आहे. तेथे तांबे, लोखंड, कांसे, पितळ, कथील आणि शिसे यांची शुद्धी क्षार, आंबट पदार्थ आणि पाणी यांनी, ज्याला जे योग्य असेल त्याप्रमाणे करावी, असे सांगितले आहे. पराशरस्मृतीने हीच गोष्ट अधिक नेमकेपणाने सांगितली : कांसे राखेने शुद्ध होते, तांबे आंबटाने. रसशास्त्राच्या ग्रंथांत औषधासाठी तांबे शोधावयाचे तेव्हा लिंबाचा रस आणि सैंधव मीठ सांगितलेले आढळते. याच स्मृतिकारांनी माणसांच्या शुद्धाशुद्धीविषयी जे लिहून ठेवले ते येथे उगाळण्याचे कारण नाही. भांड्यांच्या बाबतीत मात्र त्यांची नजर साफ होती, कारण भांडे प्रत्यक्ष घासून पाहता येते.

आता पुण्याच्या वाड्यातील जुन्या स्वयंपाकघरात यावे. येथे एक गोष्ट विशेष लक्षात येते : स्वयंपाकघर साफ करण्यासाठी लागणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू त्याच स्वयंपाकघरातील उरलेसुरले असे. राख चुलीतली. आमटीसाठी चिंच कोळून झाली की मागे उरलेला चोथा टाकून न देता मोरीच्या कोनाड्यातील करवंटीत ठेवीत. नारळ सोलला की शेंडी घासणीला. लिंबू पिळून झाले की साल तांब्याला, आणि त्या सालीवर चिमूटभर मीठ. फार आंबून गेलेले ताक देवाच्या उपकरण्यांना. कोकणाशी संबंध असलेल्या घरी आमसुले. बाजारातून आणावयाचे म्हणजे केवळ रिठे, शिकेकाई आणि रांगोळी. पैकी रिठे-शिकेकाई मुख्यतः केसांसाठी व लुगड्यांसाठी, आणि रांगोळी दारासाठी, पण समया घासण्यास तिचाच हात लागे. रात्री निखारे विझले की चूल पोतेऱ्याने सारवून ठेवावयाची. जमीन मातीची असेल तेथे शेणाने सारवण. सकाळी त्या सारवलेल्या चुलीवर नवा विस्तव पडे आणि संध्याकाळच्या भांड्यांसाठी नवी राख तयार होई. पैशाच्या हिशेबात ज्याची कोठेच नोंद नाही असा हा व्यवहार होता.

यात क्रम असे, आणि तो क्रम चुकत नसे. तुपातेलाचे, खरकटे भांडे आधी राखेने. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार असतो. तो ओलाव्याबरोबर स्निग्धपणा सोडवितो आणि राखेचे बारीक कण खरकटे खरवडून काढतात. भांडे विसळून कोरडे झाले आणि ते तांब्याचे वा पितळेचे असले, तर बाहेरून चिंच. चिंचेत टार्टरिक आम्ल असते. तांब्यावर हवेने जो काळपट थर आणि दमट दिवसांत जो हिरवा कळंक धरतो तो या आम्लात विरघळतो, आणि मीठ घातले तर हे काम लवकर होते. मग पुन्हा भरपूर पाणी आणि कोरडे फडके. चिंच अंगावर राहू दिली तर दुसऱ्या दिवशी भांडे पूर्वीपेक्षा अधिक काळवंडते, हे प्रत्येक मुलीने एकदा बोलणी खाऊन शिकलेले असे.

राख आणि चिंच कधी एकत्र कालवीत नसत, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. हल्ली घरगुती उपाय म्हणून लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा टाकून फसफसणारे मिश्रण भांड्याला लावण्याची टूम निघाली आहे. फेस पाहून समाधान होते खरे. परंतु क्षार आणि आम्ल एकमेकांना मारतात आणि हाती जवळजवळ नुसते खारट पाणी उरते. आजीबाईंना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण एका करवंटीत राख आणि दुसरीत चिंच ठेवण्याइतके ते त्यांच्या हातांना ठाऊक होते.

या पद्धतीला पाणीही थोडे लागे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळांनी शहरात पाणी आणले गेले आणि ते हौदांत पडू लागले. हौदावरून घागरी भरून आणणाऱ्या घरास भांडी वाहत्या पाण्याखाली धुणे परवडण्यासारखे नव्हते. राखेने कोरडेच घासावे, एका पाण्याने विसळावे, दुसऱ्या पाण्यातून काढावे. आणि ते दुसरे पाणी पुढच्या भांड्यांचे पहिले पाणी व्हावे.

पुण्याच्या इतिहासात दोन प्रसंगी या घरगुती शुद्धीची मोठी परीक्षा झाली. पहिला प्रसंग १८९७ च्या प्लेगचा. रँडच्या प्लेग कमिटीचे गोरे सोल्जर घरोघर तपासणीस शिरले, चुलीपर्यंत आणि देवघरापर्यंत गेले, घरांतील चीजवस्तू बाहेर काढून जाळण्यात आल्या; त्याविषयीच्या तक्रारींनी त्या वेळची वृत्तपत्रे भरलेली होती, आणि २२ जून १८९७ च्या रात्री त्याचा परिणाम काय झाला हे सर्वांस विदित आहे. जुलूम तो जुलूमच. परंतु आज शांतपणे विचार करता असेही दिसते की, त्या स्वयंपाकघरात शुद्धतेच्या दोन कल्पना समोरासमोर उभ्या होत्या. गृहिणीच्या लेखी राखेने घासलेले, सोवळ्याने भरलेले भांडे शुद्ध होते; डॉक्टरच्या लेखी चुना आणि कार्बॉलिक न लागलेले काहीच शुद्ध नव्हते. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगात सापडला होता. तो उंदरांवरील पिसवांनी पसरतो हे १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले. म्हणजे १८९७ च्या पुण्यात भांडी बाहेर फेकणारे आणि भांड्यांना जपणारे, या दोघांचाही नेम चुकत होता.

दुसरा प्रसंग १२ जुलै १९६१ चा. पानशेत फुटले, त्यापाठोपाठ खडकवासला फुटले, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरून ओसरले तेव्हा घराघरांत चिखल साचून राहिला. धान्य, कपडे, वह्या-पुस्तके, फोटो यांचे काय झाले ते येथे सांगावयास नको. तांब्या-पितळेची जी भांडी वाहून गेली नाहीत ती मात्र चिखलातून उपसून काढली की पुन्हा भांडीच होती. शहराला पाणी पुरविणारे धरणच नाहीसे झाल्यामुळे नळ बंद पडले. लोक जुन्या विहिरींकडे आणि विसरलेल्या हौदांकडे वळले. थोड्या पाण्यात राखेने घासण्याची जी सवय नळ आल्यापासून जुनाट वाटू लागली होती ती त्या पावसाळ्यात पुन्हा उपयोगी पडली. ज्या घरांत तोपर्यंत स्टोव्ह आला होता त्यांना राखेसाठी शेजाऱ्यांच्या दारी जावे लागले असणार, हे मात्र माझे अनुमान.

आता कल्हईकडे वळतो, कारण या विषयाचे मर्म तेथे आहे.

चिंच भांड्याच्या बाहेरच्या अंगाला. आतल्या अंगाला कल्हई. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, आमटी, कढी अशी आंबट वस्तू उघड्या धातूला लागली की ती कळकते. चव तुरट होते, मळमळते. म्हणून आतून कथिलाचा पातळ थर देतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे वितळावयास हजाराहून अधिक अंश लागतात. या अंतरावर कल्हईवाल्याचे सगळे कसब उभे आहे. तो आळीत येऊन आरोळी ठोकी, दारापुढे खड्डा खणून भाता बसवी, आणि घरोघरची पातेली बाहेर येत. आधी भांडे आतून निखळ साफ झाले पाहिजे. मोठ्या पातेल्यात त्याचा पोरगा उभा राहून वाळू-राखेवर पाय घासत डावीउजवीकडे गर्रकन फिरे, आणि भोवती जमलेल्या मुलांना तो नाच वाटे. मग भांडे तापवून त्यात नवसागराची पूड टाकावयाची; पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठे; कथिलाची कांडी टेकविली की चांदीसारखा थेंब धावू लागे आणि कापसाच्या बोळ्याने तो एका हातासरशी सगळ्या पोटभर फिरविला जाई. नवसागर धातूवरचा शेवटचा मळ काढतो, म्हणून कथील धरते. चिंचेचे काम येथे नवसागर करतो, एवढाच फरक.

कल्हई कायमची नसते. रोज वापरातल्या भांड्याची कल्हई काही महिन्यांत विरते आणि आतून तांबूस वा पिवळा धातू डोकावू लागतो. ती किती टिकावी हे घासणाऱ्या हातावर अवलंबून असे. आतून फक्त चाळलेली मऊ राख आणि बोटे, शेंडीसुद्धा जपून. विटकरीची पूड किंवा रांगोळी आत लागली की कथील खरवडून जाई. म्हणूनच जाणत्या सासवा नव्या सुनेकडे समया निर्धास्त देत, पण दुधा-ताकाचे पातेले काही दिवस स्वतःच घासत.

आणि आता ती न आवडणारी गोष्ट. लहान मुलांना, विशेषतः वयाच्या पहिल्या तीन वर्षांत, यकृत कठीण होत जाऊन पोट फुगण्याचा आणि बहुधा मृत्यूत शेवट होण्याचा एक विकार आपल्या देशात दीर्घकाळ होता. वैद्यकात तो भारतीय बालयकृत-सिरोसिस या अर्थाच्या नावाने ओळखला जाई. एकाच घरात एकामागून एक मुले जात. कोणी दृष्टीला दोष दिला, कोणी आईच्या दुधाला. १९७९ साली ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात दाखविले की, या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतोनात वाढलेले असते. हे तांबे कोठून येते याचा शोध पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात लागला. तेथील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी टॅनर यांच्यासह आजारी मुलांच्या घरी त्यांना काय पाजले जाते आणि कोणत्या भांड्यातून पाजले जाते याची चौकशी केली. १९८३ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या तान्ह्यांना अगदी लवकर वरचे दूध सुरू झाले होते आणि ते दूध पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापविले वा ठेवले जात होते, त्यांच्यात हा विकार आढळत होता. पाण्यापेक्षा दुधात तांबे अधिक धरून राहते; दुधातील केसीन ते बांधून घेते. काही मुलांच्या अंगी उपजतच तांबे बाहेर टाकण्याची शक्ती उणी असावी, असेही मत पुढे मांडले गेले. परंतु भांड्याचा वाटा पुसता येण्यासारखा नव्हता. घरोघर दुधासाठी दुसरी भांडी आली, मातांना सल्ला दिला गेला, आणि पुढच्या काळात हा विकार झपाट्याने दुर्मीळ होत गेला.

हे वाचून आपल्यापैकी काहींना राग येईल. मलाही प्रथम आला होता. शतकानुशतके ज्या भांड्यांनी महाराष्ट्र जेवला त्यांच्यावर हा आळ कशासाठी? परंतु नीट पाहिले तर आळ भांड्यावर नाही, कल्हई नसलेल्या भांड्यावर आहे. कल्हईवाल्याच्या फेऱ्या कमी होत गेल्या आणि कथील महागले. दूध आंबट नाही म्हणून ते कळकत नाही, अशी समजूत असल्याने दुधाच्या पातेल्याची कल्हई सर्वांत शेवटी होत असे. ते पातेले आतूनबाहेरून चिंचेने लख्ख केले की घरधनीण समाधानाने त्यात बाळाचे दूध तापवी. पण चिंचेने उजळलेला धातू म्हणजे नुकताच उघडा केलेला धातू. तो डोळ्यांना सर्वांत शुद्ध दिसतो आणि दुधाला सर्वांत सहज लागतो. घासणाऱ्या हातांचा यात काही अपराध नव्हता. त्यांना जे शिकविले तेच ते करीत होते. मात्र शिकवणीचा अर्धा भाग, म्हणजे आतले आणि बाहेरचे वेगळे असते हा भाग, मध्येच कोठे तरी गळून पडला होता. आपण तांबटांनी भांडे विकताना तो सांगितला होता काय? आपल्या दुकानांतून तान्ह्याच्या दुधासाठी बिनकल्हईचे पितळी पातेले कोणी मागितले तर 'नेऊ नका' असे कोणी म्हटले होते काय? आपल्या स्मरणिकांतून या संशोधनाविषयी एक ओळही छापून आल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

तोपर्यंत भांड्यांचे राज्य पालटू लागलेच होते. ॲल्युमिनियमची भांडी देशात करण्यास १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी प्रारंभ केला. हलकी, स्वस्त आणि कल्हई नको. चिंचेची आमटी मात्र त्यांनाही मानवत नाही. नंतर आले स्टेनलेस स्टील. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली हे पोलाद तयार केले. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत ते पुण्याच्या मांडण्यांवर येऊन बसले. आपल्या ज्ञातीत याविषयी नेहमी विलापाच्या सुरात लिहिले जाते. परंतु आपल्याच घरांतील स्त्रियांना त्या वेळी काय वाटले, हे कोणी विचारले नाही. थंडीच्या पहाटे मोरीवर उकिडवे बसून राखेने हात फाटून घेतलेल्या, चिंच त्या भेगांत झोंबत असता समया उजळलेल्या बाईला, नुसत्या पाण्याने चकचकीत होणारे ताट म्हणजे सुटका होती. तांब्याचे हंडे मोडीच्या भावाने घालून स्टीलचे डबे घेणाऱ्यांत तांबटांच्या सुनाही होत्या, आणि मोड विकत घेणारे पुष्कळदा त्यांचेच सासरे होते.

त्यात चूल गेली. रॉकेलचा स्टोव्ह आला, १९६५ नंतर इंडेनचा गॅस हळूहळू पसरला, आणि घासणाऱ्यांची राखच संपली. लोक म्हणतात की, साबणाच्या पुडीने राखेला हटविले. माझ्या मते राख आधी गेली आणि रिकाम्या जागी पुडी आली. चिंचेच्या जागीही १९८० च्या दशकाअखेरीस ठाण्याहून पितांबरी आली, आणि ती आपल्या अनेक घरांनी आनंदाने स्वीकारली.

घासणाऱ्यांविषयी लिहिताना आणखी एका वर्गाचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. मोठ्या घरांतून हे काम पगारी बाईकडे असे, आणि सणावारी ढीगभर पितळ घासण्याचे वेगळे पैसे मागणे तिला कठीण जाई. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, तेव्हा भांडी घासणे हे काम आहे, त्याला मोजमाप आहे, हे या शहराने प्रथम उघडपणे ऐकले. घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी महाराष्ट्राने कायदा केला तो २००८ साली.

आज तांब्याला पुन्हा दिवस आले आहेत, निदान पाण्याच्या भांड्याला तरी. २०१२ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखविले की, तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातील जुलाबाचे जंतू मरतात आणि पाण्यात उतरलेले तांबे सुरक्षित मर्यादेतच राहते. तांबट आळीतील कारागिरांना बरोबर घेऊन इन्टॅकच्या पुणे शाखेने नव्या घाटाच्या मठारकामाच्या वस्तू बाजारात आणण्याचा उद्योग केला, त्याचाही उपयोग झाला. परंतु हल्ली खपते ती अरुंद गळ्याची बाटली. तिच्यात हात जात नाही. तिच्यात लिंबू सरबत भरून मुलांना शाळेत पाठविणारे पालक मी पाहिले आहेत. आपल्या समाजबांधवांपैकी जे अशा बाटल्या करतात त्यांनी प्रत्येक नगाबरोबर मराठीत छापलेला एक कागद द्यावा, अशी सूचना आहे : आत केवळ पाणी ठेवावे, आंबट वस्तू वा दूध ठेवू नये, आठवड्यातून एकदा लिंबाचा रस व मीठ घालून हलवावे, लगेच स्वच्छ पाण्याने तीनदा धुवावे आणि उपडी करून कोरडी करावी. कागदाला खर्च तो किती!

शेवटी एक विनंती. आपल्या घरांत माळ्यावर जी जुनी भांडी आहेत त्यांपैकी पुष्कळांच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नावे कोरलेली आहेत. लग्नात माहेराहून आलेले पातेले असेल तर मुलीचे नाव, देणाऱ्याचे नाव, कधी गाव, कधी सन. आपल्या स्त्रियांची नावे लेखी स्वरूपात जेथे सर्वांत जुनी सापडतात ती जागा बहुधा हीच होय. घरांच्या कागदपत्रांत त्यांना जागा नव्हती. साठ-सत्तर वर्षे चिंच आणि राख लागूनही ही अक्षरे टिकली, पण अलीकडच्या खरखरीत तारेच्या घासण्यांनी ती भराभर पुसट होत आहेत, आणि मोडीत गेलेल्या भांड्याबरोबर तर ती वितळूनच जातात. नवरात्रापूर्वी किंवा दिवाळीत बंब उजळताना माळा उतरविला जाईल तेव्हा प्रत्येक कुटुंबाने या नावांवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसा उमटवून घ्यावा, भांडे कोणते व ते कोणाकडून कोणाकडे आले हे मागे लिहावे, आणि तो कागद संस्थेच्या कार्यालयात आणून द्यावा. भांड्याला नवी कल्हई करावयाची असेल तर ठसा आधी घ्यावा, कारण काठापर्यंत तापलेल्या भांड्यावर कथील ओघळून अक्षरे भरून जाण्याचा संभव असतो.